पातळ करायचं नाही, गोठू द्यायचं नाही

अपघाताच्या रुग्णाला एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू भरणाऱ्या यंत्रावर, घ्यायचं की नाही असा प्रश्न आमच्या आयसीयूच्या बैठकीत निघाला, की हमखास त्या मुलाचा दाखला दिला जातो. ‘त्याला नाही का घेतलं? हेपारिनशिवाय चालवलंच ना?’ असं कुणीतरी म्हणतं आणि चर्चा तिथेच संपते. हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. त्याचं मशीन मी चालवलं होतं. त्या दिवसांत जे घडलं ते इतकं सरळ नव्हतं, आणि त्यानंतर आलेल्या दुसऱ्या एका रुग्णाची आठवण त्याच बैठकीत कुणी काढत नाही. हे दोघं माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मी परफ्यूजनिस्ट आहे. बायपासच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवलेलं असताना रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवायचं, त्यात प्राणवायू भरायचा, हे आमचं नेहमीचं काम. एक्मो त्याच तत्त्वावर चालतं, पण काही तासांऐवजी दिवसचे दिवस. फुप्फुसं निकामी झाली असतील तर मांडीतल्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलायचं. त्यात हजारो बारीक पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. तिथे कार्बन डायऑक्साइड निघून जातो, प्राणवायू मिसळतो, आणि लालभडक झालेलं रक्त मानेच्या शिरेतून परत हृदयाकडे जातं. मिनिटाला चार-पाच लिटर. यातून फुप्फुस बरं होत नाही. व्हेंटिलेटरचा दाब कमी करता येतो, सुजलेल्या फुप्फुसावरचा मार थांबतो आणि त्याला स्वतःहून सुधारायला अवधी मिळतो. बरं व्हायचं ते त्याचं त्यानेच.

ऊसतोडीचा हंगाम होता. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय केलेला, एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी चालला होता. रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कऱ्हाड-सांगली भागात ज्यांनी डिसेंबरात रात्री गाडी चालवली आहे त्यांना यापुढचं सांगावं लागणार नाही. २०२२ साली महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली, देशभरात १,६८,४९१. ट्रॉलीच्या मागे चिकटवायची लाल पट्टी काही रुपयांत मिळते. दर हंगामाला तिचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, आणि दर हंगामाला ही मुलं आमच्याकडे येतात.

त्याने हेल्मेट घातलं होतं. डोकं बऱ्यापैकी वाचलं ते त्यामुळेच. छाती मात्र ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीवर आपटली होती. डाव्या बाजूच्या सहा बरगड्या मोडलेल्या, त्यातल्या काही दोन-दोन ठिकाणी, दोन्ही फुप्फुसांना जबर मुकामार, प्लीहा फाटलेली, डावी मांडी मोडलेली. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयात त्याला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी जे केलं त्याला तोड नाही. अपघातानंतर पहिल्या तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध दिलं. वीस हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या क्रॅश-२ चाचणीने २०१० साली दाखवलेली ही स्वस्तातली गोष्ट आजही मोठमोठ्या ठिकाणी विसरली जाते. त्यांनी छातीत नळ्या घातल्या, रात्रीतच पोट उघडून प्लीहा काढली, मांडीला बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाड तात्पुरतं स्थिर केलं. रक्ताच्या बारा पिशव्या, प्लाझ्मा, प्लेटलेट. आजूबाजूच्या दोन गावांतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी होती म्हणे. शहरातल्या डॉक्टरांना खालून आलेल्या रुग्णाचे कागद बघताना नाक मुरडायची सवय असते. मी त्या कागदांवरच्या वेळा वाचल्या आहेत, आणि त्या मुलाच्या जगण्यातला मोठा वाटा त्या पहिल्या रात्रीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

पण फुप्फुसाच्या मुकामाराची गंमत अशी नसते की पहिल्या दिवशी दिसलं तेवढंच नुकसान. सूज दोन-तीन दिवस चढतच जाते. त्यात बारा पिशव्या रक्त गेलेलं, त्याचाही फुप्फुसावर परिणाम होतो. त्यात मांडीच्या हाडातून चरबीचे कण रक्तात सुटतात आणि जाऊन फुप्फुसातच अडकतात; त्याच्या काखेत आणि छातीवर बारीक लाल ठिपके उठले होते, ते त्याचंच लक्षण. तिसऱ्या दिवशी सकाळपासून व्हेंटिलेटरवर शंभर टक्के प्राणवायू देऊनही रक्तातला प्राणवायूचा दाब ५४ च्या वर जाईना. आपल्यासारख्या माणसाचा साध्या हवेत नव्वदच्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड ७८, रक्ताचा पीएच ७.१६, दोन्ही धोक्याचे आकडे. तिथल्या तरुण भूलतज्ज्ञाने त्याला पालथंही घातलं होतं. मोडलेल्या बरगड्या, ताजी पोटाची जखम, मांडीला लोखंडी चौकट असताना पालथं घालायचं म्हणजे उशांची रचनाच तासभर करावी लागते. आकडे थोडे सुधारले, सरळ करताच पुन्हा होते तिथे आले. दुपारी त्याचा आमच्या इंटेन्सिव्हिस्टना, म्हणजे आयसीयूच्या डॉक्टरांना, फोन आला.

तेव्हा जो वाद झाला तो अजून माझ्या कानात आहे. डोक्याच्या सीटीत मेंदूवर रक्ताचा एक पातळ थर होता, साधारण चार मिलिमीटरचा, आणि पुढच्या भागात एक लहानसा डाग. न्यूरोसर्जननी मोबाइलवर फोटो बघून सांगितलं, रक्त पातळ करायचं औषध दिलंत तर हा थर वाढेल, मग मला बोलावू नका. हृदयशल्यचिकित्सकांचं म्हणणं बरोबर उलटं: हेपारिनशिवाय पंप चालवणार कसा, सर्किट, म्हणजे नळ्या, पंप आणि ऑक्सिजनेटर यांच्यातलं रक्त, गोठेल. दोघंही आपापल्या जागी खरे होते. बायपासमध्ये आम्ही रक्त गोठायचा वेळ, ज्याला एसीटी म्हणतात, ४८० सेकंदांच्या वर नेल्याशिवाय पंप सुरू करत नाही. ज्याचं आयुष्य त्या शिस्तीत गेलं त्याला हेपारिनशिवाय पंप ही कल्पनाच सहन होत नाही. पण बायपासच्या यंत्रात उघडी टाकी असते, रक्ताचा हवेशी संबंध येतो. एक्मोचं सर्किट बंद असतं, नळ्यांना आतून लेप असतो, आणि रक्त जोरात वाहतं. जोरात वाहणारं रक्त चटकन गोठत नाही. मी बैठकीत फारशी बोलत नाही; परफ्यूजनिस्टला ‘मशीनवाली’ समजण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्या दिवशी मात्र बोलले. फ्लो, म्हणजे यंत्रातून वाहणारं रक्त, मिनिटाला चार लिटरच्या खाली जाऊ दिला नाही तर काही दिवस निघतील, दुसरं सर्किट तयार ठेवू, असं सांगितलं. इंटेन्सिव्हिस्ट मॅडमनी दोन मिनिटं काहीच उत्तर दिलं नाही, मग म्हणाल्या, “किट गाडीत घ्या.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या लोकांनाही माहीत नसते. प्रौढ माणसाला अशा यंत्राने वाचवल्याची पहिली घटना १९७१ सालची, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराची. डॉ. डोनाल्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस वर्षांच्या एका तरुणाला ७५ तास यंत्रावर ठेवलं आणि तो जगला. तो तरुण अपघातात जबर जखमी झालेला होता. म्हणजे या उपचाराचा पहिला यशस्वी प्रौढ रुग्णच अपघाताचा, आणि तरीही पुढे कित्येक वर्षं ‘अपघात म्हणजे रक्तस्राव, रक्तस्राव म्हणजे एक्मो नको’ असं शिकवलं गेलं, ते हेपारिनच्या भीतीपोटी. ती भीती त्या काळच्या नळ्या आणि पंप बघता योग्यही होती. नळ्या बदलल्या, पंप बदलले, भीती तशीच राहिली.

आम्ही संध्याकाळी तालुक्याच्या त्या रुग्णालयात पोहोचलो. बाहेर गावची माणसं, टेम्पो, दोन जीप. वडील एका बाजूला उभे. मी ट्रॉलीवर मशीन आत नेत असताना त्यांनी फक्त वाट करून दिली.

सर्किट प्राइम करणं, म्हणजे नळ्यांमधली हवा काढून त्यात सलाइन भरणं, हे बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात कंटाळवाणं वाटेल. माझ्या मते अर्धं यश तिथे असतं. ऑक्सिजनेटर तिरका करायचा, पुन्हा सरळ, टिचक्या मारायच्या, कनेक्टरच्या खाचेत अडकलेला मोहरीएवढा बुडबुडासुद्धा सोडायचा नाही. प्रत्येक जोडावर प्लॅस्टिकचा टाय. एरवी प्राइममध्ये हेपारिन घालतो. या वेळी नाही. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची जाड नळी, घालताना शिरेतून जो डोस देतात तोही नाही. त्यामुळे शिरेत तार गेल्यापासून सर्किट सुरू होईपर्यंतची मिनिटं फार मोलाची होती. कॅन्युलात रक्त उभं राहिलं की ते गोठायला लागणार. सर्जननी सोनोग्राफीवर बघत उजव्या मांडीतून २५ फ्रेंचची आणि मानेतून १९ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) कॅन्युला घातली. त्यांना हेपारिनशिवायचा प्रकार अजिबात पटला नव्हता, पण हात चालू झाल्यावर त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. हे मी त्यांच्यासमोर कधी म्हटलेलं नाही, इथे लिहिते. मी दोन्ही टोकं सलाइनच्या धारेखाली जोडली, क्लॅम्प सोडले, पंप हळूहळू वर नेला. निघणारी नळी काळी, परतणारी लाल. दोन मिनिटांत बोटावरचा ऑक्सिजन ७६ वरून ९२ वर आला. त्या भूलतज्ज्ञाने व्हेंटिलेटरचा दाब खाली आणला, तेव्हा त्याचा हात थरथरत होता. तीन रात्री तो घरी गेला नव्हता.

वडिलांना आत बोलावलं. ते नळ्यांकडे बघत राहिले. मग मला विचारलं, “ताई, रगात भायेर काढलंय ते समदं परत जातंय न्हवं?” मी हो म्हटलं आणि त्यांना काळी नळी आणि लाल नळी बोटाने दाखवली. त्यांनी ते लगेच समजून घेतलं. पुढच्या दिवसांत गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला काचेबाहेरून तेच समजावून सांगायचे, आणि बरोबर सांगायचे.

पुण्याला आमच्या रुग्णालयाकडे परतीचा प्रवास रात्रीचा. अशा प्रवासात लोकांना वाटतं वेग महत्त्वाचा. वेगाचं काहीच काम नसतं, कारण आयसीयू आमच्याबरोबरच चाललेलं असतं. खरा जीव टांगणीला लागतो तो प्राणवायू, वीज आणि ऊब यांच्यावर. व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनेटर मिळून मिनिटाला तेरा-चौदा लिटर वायू लागणार. रस्ता तीन-साडेतीन तासांचा, बोगद्याजवळ ट्रक उलटला तर किती, कुणी सांगावं. हिशेब दुप्पट करून घ्यायचा. एक डी टाइप सिलिंडर, म्हणजे सात हजार लिटर, आणि दोन बी टाइप, दीड-दीड हजारांचे. मशीनची बॅटरी, गाडीचा इन्व्हर्टर, आणि दोन्ही गेलं तर पंप हाताने फिरवायचा दांडा. रक्त गरम ठेवणारं यंत्र गाडीत चालवता येत नव्हतं. पाच लिटर रक्त मिनिटाला शरीराबाहेर हिंडून येणार, म्हणजे ते थंड होणारच, आणि थंड रक्त जखमेतून वाहायचं थांबत नाही. हेपारिन टाळून कमावलेलं सगळं थंडीत गमावलं असतं. म्हणून एसी बंद, खिडक्या बंद, नळ्यांना कापसाचे पॅड गुंडाळलेले, मुलावर दोन रजया. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. टोलनाक्यांवर पोलिसांनी आधीच एक रांग मोकळी करून ठेवली होती.

खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जो उतार आणि वळण आहे, तिथे ड्रायव्हरने गाडी अगदी सावकाश घेतली, तरी शरीर एका अंगाला कललं आणि काळी नळी थडथडायला लागली. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटारीचा पाइप जसा उचक्या देतो, तसं. शिरेत रक्त कमी पडलं की असं होतं. नवखा माणूस अशा वेळी फ्लो वाढवायला पंप आणखी जोरात फिरवतो, आणि तेच चुकीचं. शीर आणखी चिकटते, रक्तपेशी फुटतात. मी फेरे तीन हजार चारशेवरून कमी केले, सिस्टरने प्लाझ्माची पिशवी दाबून सोडली, अर्ध्या मिनिटात नळी शांत झाली. तरी त्या अर्ध्या मिनिटात फ्लो अडीच लिटरवर आला होता. संथ फ्लो, हेपारिन नाही. ऑक्सिजनेटरच्या कोपऱ्यात मला पुढे जे पहिले काळे धागे दिसले त्यांचा उगम तिथला असेल का, याचा विचार मी बऱ्याचदा करते.

आयसीयूत आल्यावरचे चार दिवस मला सर्वांत कठीण गेले, आणि त्यांच्याबद्दलच बैठकीत कुणी बोलत नाही. मुलगा पूर्ण गुंगीत होता. डोक्यात रक्ताचा थर वाढतोय की नाही हे कळायचा मार्ग एकच: दर तासाला पापणी उघडून बुबुळावर टॉर्च मारायचा. सीटीला न्यायचं तर मशीन, सिलिंडर, व्हेंटिलेटर, औषधांचे सहा पंप आणि आठ-नऊ माणसांचा लवाजमा लिफ्टमधून खाली. एक नळी ओढली गेली तर संपलं. न्यूरोसर्जन म्हणत होते न्या. मी म्हणत होते थांबा. मॅडमनी माझं ऐकलं. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला बुबुळांचं माप लिहीत होत्या, आणि मी दर तासाला टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटर तपासत होते. त्यांचा टॉर्च डोक्यातल्या रक्तासाठी, माझा यंत्रातल्या. एकीकडे गोठलेलं सुटू नये, दुसरीकडे वाहतं गोठू नये, आणि दोन्हीला रक्त एकच.

चौथ्या रात्री ऑक्सिजनेटर थकला. त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब आधी ३८० असायचा, तो १६० वर आला. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या दाबातला फरक पंचविसाचा साठ झाला. प्लेटलेट ३८ हजार, फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन घसरलेलं; म्हणजे यंत्रातल्या गुठळ्या रक्तातला गोठण्याचा माल खात होत्या आणि शरीराला रक्तस्रावाकडे ढकलत होत्या. बदलायलाच हवं होतं. दुसरं सर्किट स्टोअरमध्ये होतं, पण आधी पैसे भरल्याची पावती हवी, असा नियम. रात्री एक वाजता. मी त्या खिडकीवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्याने हा नियम केला त्याने मिनिटाला चार लिटर रक्त बाहेर फिरत असलेल्या माणसाशेजारी एक रात्र काढावी, एवढीच माझी इच्छा आहे. शेवटी मॅडमनी स्वतःच्या सहीवर किट सोडवलं. बाहेर मुलाचे चुलते वही घेऊन बसले होते. गावातल्या कुणी किती दिले याची ती वही. त्यांनी सकाळी सहाला रक्कम भरली.

बदल करायला तीन वाजले. व्हेंटिलेटर पुन्हा शंभर टक्क्यांवर. नवीन सर्किट भरून, हवा काढून, शेजारी तयार. मी मोठ्याने पायऱ्या म्हणून घेतल्या: कोण कोणता क्लॅम्प लावणार, कोण कापणार, कोण सलाइन सोडणार, आणि बाकी कुणी तोंड उघडणार नाही. पंप बंद. चार क्लॅम्प. दोन्ही नळ्या कापल्या. सलाइनच्या धारेखाली नवीन टोकं बसवली, एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, हवा नाही. क्लॅम्प सुटले, पंप सुरू. चाळीस सेकंदांच्या आसपास लागली असतील. ऑक्सिजन ६१ पर्यंत खाली गेला आणि नव्या नळीत लाल रक्त दिसलं तसा वर चढत गेला. जुना ऑक्सिजनेटर मी नंतर उलटा करून धुतला. निम्म्याहून जास्त भाग काळ्या, घट्ट गुठळ्यांनी भरलेला होता. तो मी आमच्या शिकाऊ मुलांना दाखवते. माझ्या कामातलं मी काही अभिमानाने सांगावं, तर ती चाळीस सेकंदं.

पाचव्या दिवशी मात्र न्यूरोसर्जननी ऐकलं नाही आणि आम्ही त्याला सीटीला नेलं. थर वाढलेला नव्हता, उलट किंचित कमी झाला होता. त्या दिवसापासून अगदी हलक्या मात्रेत हेपारिन सुरू झालं. दरम्यान हाडांच्या डॉक्टरांना मांडीत सळई घालायची घाई होती. हाडाची पोकळी कोरली की पुन्हा चरबी सुटणार, पुन्हा फुप्फुसात जाणार. मॅडमनी त्यांना बाहेरची चौकट आणखी काही दिवस ठेवायला लावली. आठव्या दिवशी छातीचा एक्स-रे पहिल्यांदा जरा काळसर दिसला. आमच्याकडे काळा एक्स-रे म्हणजे आनंद, तिथे हवा आहे. एका श्वासात जेमतेम शंभर मिलिलिटर हवा घेणारी फुप्फुसं साडेतीनशे घ्यायला लागली. मग ऑक्सिजनेटरचा वायू बंद करून बघितलं. पंप चालू, रक्त फिरतंय, पण यंत्र काहीच काम करत नाही. दोन्ही नळ्या सारख्याच काळपट. अशा वेळी रुग्ण पूर्ण स्वतःच्या फुप्फुसावर असतो. तो राहिला. बाराव्या दिवशी कॅन्युला काढल्या. उजव्या मांडीच्या शिरेत कॅन्युलेच्या जागी गुठळी सापडली, तिच्यासाठी पुढे गोळ्या द्याव्या लागल्या. तीन महिन्यांनी तो काठी घेऊन चालत तपासणीला आला होता. माझ्याशी दोन शब्द बोलला. मी कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, वडिलांनी सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरा आला. ट्रकवरचा क्लीनर, चाळिशीचा. छातीला तसाच मार, डोक्यात तसाच, थोडा जाड थर. या वेळी वाद झालाच नाही. हेपारिन नाही, फ्लो चारच्या वर, दर तासाला टॉर्च. सगळं त्या मुलासारखं. तिसऱ्या दिवशी पहाटे एक बुबुळ मोठं झालं. सीटीत डोक्यातला रक्तस्राव मोठा होता. संध्याकाळी त्याच्या बायकोच्या संमतीने यंत्र थांबवलं. हेपारिनचा एक थेंबही त्याला दिलेला नव्हता.

आता बैठकीत मला जे सांगायचं असतं ते हे. हेपारिन न देणं म्हणजे रक्त सुरक्षित, असं नाही. यंत्र स्वतःच प्लेटलेट खातं. पंपात घुसळून निघताना रक्तातल्या व्हॉन विलब्रँड नावाच्या प्रथिनाचे लांब धागे तुटतात आणि जखम बंद करायची रक्ताची ताकद कमी होते. आपण औषध टाळतो तेव्हा रक्त पातळ व्हायचं एक कारण टाळतो. यंत्राचं कारण राहतंच. त्या मुलाच्या केसने ‘अपघातात एक्मो कधीच नाही’ हे खोटं ठरवलं. तिने ‘हेपारिनशिवाय चालतं’ हे सिद्ध केलेलं नाही. तो तरुण होता, थर पातळ होता, पहिल्या रात्री त्याला योग्य हातांनी हाताळलं होतं. यातलं किती कशामुळे, हे एका माणसावरून ठरत नाही. एक्मोची नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या २०१८ सालच्या इओलिया चाचणीत २४९ रुग्ण होते, बहुतेक न्यूमोनियाचे. साठ दिवसांत एक्मो गटातले ३५ टक्के गेले, दुसऱ्या गटातले ४६ टक्के, आणि तेवढ्या फरकालाही संख्याशास्त्राने निर्णायक मानलं नाही. तिथे आपण एका मुलावरून नियम बनवतो.

सीटीच्या बाबतीत न्यूरोसर्जन आणि माझं अजून पूर्ण जमलेलं नाही. त्या मुलाला चौथ्या दिवसापर्यंत न नेणं बरोबर होतं, असं मला वाटतं. क्लीनरला पहिल्याच दिवशी पुन्हा नेलं असतं तर काही करता आलं असतं, असं त्यांना वाटतं. प्लेटलेट जास्त दिल्या असत्या, फ्लो वेगळा ठेवला असता, कदाचित यंत्रच आधी काढलं असतं. ते म्हणतात ते मी खोडून काढू शकत नाही. आम्ही मिळून एक गोष्ट बदलली: बाहेरून येणारा अपघाताचा रुग्ण गाडीतून उतरला की आयसीयूत जायच्या आधी थेट सीटीला जातो. तेव्हा तो आधीच प्रवासाच्या ट्रॉलीवर असतो, सिलिंडर जोडलेले असतात, सगळी माणसं हजर असतात. पुन्हा उचलायची वेळ येत नाही. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट आता सहा-सहा तासांनी बघतो. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, जगलेल्याची आणि गेलेल्याची, एकाच वहीत एकाच तपशिलाने ठेवायला मी सुरुवात केली आहे. बैठकीत ती वही बरोबर नेते.

तालुक्याच्या त्या भूलतज्ज्ञाचा मध्यंतरी पुन्हा फोन आला. ट्रॅक्टरखाली सापडलेला शेतकरी, बरगड्या मोडलेल्या, प्राणवायूचा आकडा घसरायला लागलेला. अपघाताला अजून चोवीस तासही झाले नव्हते. “लवकर फोन केला का मॅडम?” असं त्याने विचारलं. बरोबर वेळी केला, असं त्याला सांगितलं, आणि इंटेन्सिव्हिस्ट मॅडमना जोडून दिलं. दोघं तासभर बोलले: व्हेंटिलेटरवर एका श्वासाची हवा किती कमी करायची, पालथं कधी घालायचं आणि सोळा तास तसंच का ठेवायचं, पाणी किती द्यायचं, कोणता आकडा आला की गाडी काढायची. मी खाली जाऊन किट, सिलिंडर, बॅटऱ्या तपासून ठेवल्या. गाडी काढावी लागली नाही.